राउटरवरचा १००.६४ : एका तात्पुरत्या तोडग्याचा इतिहास

थ्रेड. विषय घरच्या इंटरनेटचा असला तरी मांडणी इतिहासाचीच आहे. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

घरच्या राउटरच्या अंतर्गत पानावर ‘वॅन आयपी’ नावाची एक ओळ असते. बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नसते. पाहिली तर अनेक घरांत तेथे १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता आढळतो, काही घरांत १० ने सुरू होणारा. मग एखाद्या संकेतस्थळाला ‘माझा पत्ता काय?’ असे विचारावे, तर ते तिसराच आकडा सांगते. लहान गावातील किंवा उपनगरातील स्थानिक सेवादाता असेल, तर पुष्कळदा तो १०३ ने सुरू होतो.

आपले राउटर स्वतःला एका नावाने ओळखते आणि जग त्याला दुसऱ्याच नावाने ओळखते, असा हा प्रकार आहे. दुकानातला कॅमेरा घरून दिसत नाही, मित्रांना आपल्या संगणकावरच्या खेळात सामील होता येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग मन लावून दहा वेळा केले तरी बाहेरचे कोणी आत येत नाही, या साऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या तफावतीत असते. ग्राहकसेवेतील माणूस ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ असे सांगतो. आपण करतो. काही होत नाही, कारण राउटरमध्ये काही बिघडलेलेच नसते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या आकड्यांत एक निराळीच गंमत दिसते. ताम्रपटावरील अक्षरवळणावरून त्याचा काळ सांगता येतो, तसा या पत्त्यांवरून काळ सांगता येतो. १० हा आकडा एका कालखंडाचा अवशेष आहे, १०३ दुसऱ्या, १००.६४ तिसऱ्या. आपल्या घरातल्या त्या लहानशा पेटीत हे तिन्ही थर एकावर एक बसलेले आहेत. ते वरून खाली न खणता खालून वर पाहू.

मे १९७४. व्हिंट सर्फ आणि बॉब काह्न या दोघांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या संगणक-जाळ्यांना एकमेकांशी बोलता यावे, यासाठीचा तो आराखडा होता. त्यात जाळ्याची ओळख सांगण्यासाठी आठ बिट राखलेले होते. म्हणजे जगात जास्तीत जास्त २५६ जाळी. नजीकच्या भविष्यासाठी ही संख्या पुरेशी वाटते, असा त्या दोघांचा अभिप्राय होता. आज यावर हसू येते. पण त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि जाळे म्हणजे एखाद्या देशाने किंवा मोठ्या संस्थेने उभारण्याची गोष्ट. घरोघरी जाळे असेल आणि त्यात दिवाणखान्यातला दूरचित्रवाणी संचही सामील असेल, हे त्या वेळी कोणी लिहिले असते तर त्याला विज्ञानकथाकार म्हटले असते.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली इंटरनेट प्रोटोकॉलचे जे रूप प्रसिद्ध झाले, त्यात पत्ता ३२ बिटांचा झाला. आपण आजही जो वापरतो तो हाच, आयपीव्ही४. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे अमेरिकेतील मूळ जाळे जुनी भाषा टाकून या भाषेत बोलू लागले. ३२ बिटांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. त्या वेळच्या जगाच्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा थोडा कमीच होता. परंतु माणसागणिक पत्ता लागेल असे कोणाच्या मनात नव्हते. सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, ती निवड एका प्रयोगासाठी होती आणि तो प्रयोग कधी संपलाच नाही.

खरी कथा सुरू होते ती वाटपापासून.

या पत्त्यांची नोंदवही प्रारंभी पोस्टेल यांच्याकडेच असे. मागणारा थोडा, माल अफाट. त्यामुळे वाटपाचे मापही ऐसपैस होते. पत्त्यांचे तीन वर्ग केले होते : ‘अ’ वर्गाच्या एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ पत्ते, ‘ब’ वर्गात ६५,५३६ आणि ‘क’ वर्गात अवघे २५६. मध्ये काही नाही. ज्याला तीनशे पत्ते हवेत त्याला ‘क’ अपुरा पडे, म्हणून त्याने ‘ब’ घ्यावा आणि उरलेले ६५ हजार पडू द्यावेत. ‘अ’ वर्गाचा १८ क्रमांकाचा गठ्ठा एमआयटी या विद्यापीठाकडे गेला, १९ क्रमांकाचा फोर्ड या मोटार कंपनीकडे, १७ क्रमांकाचा अ‍ॅपलकडे. या तिघांचीच बेरीज पाच कोटींच्या वर जाते. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा : २०१२-१३ च्या सुमारास साऱ्या भारताच्या वाट्याला आलेले पत्ते होते सुमारे साडेतीन कोटी.

मराठी वाचकाला येथे इनामांची आठवण होणे स्वाभाविक आहे. राज्याच्या उभारणीच्या काळात जमीन मुबलक, माणसे थोडी. जो जवळ होता, उपयोगी होता, त्याला गाव इनाम मिळाले आणि सनदेवर काळाची मर्यादा घातली गेली नाही. पुढे लोकसंख्या वाढली, जमिनीला भाव आला, तरी इनामदार इनामदारच राहिला. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार देऊन सनदा तपासायला घेतल्या आणि त्याचा गहजब सर्वांना ठाऊक आहे. पत्त्यांच्या बाबतीत तसे कमिशन बसलेच नाही. उत्तर अमेरिकेतील पत्त्यांचा कारभार पाहणारी संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली, तोवर जुने गठ्ठे वाटून झाले होते. त्या जुन्या धारकांशी कसला करारच नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००० साली आपला ३६ क्रमांकाचा गठ्ठा आपण होऊन परत केला, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. असे करणारे फार थोडे. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या गठ्ठ्याचा मोठा भाग विकायला काढला.

या वाटपात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. त्या वेळी पत्ता फुकट होता, आणि फुकट वस्तूचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण हेतू निर्मळ असला म्हणजे परिणाम समन्यायी होतो असे नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये व्हँकुव्हर येथे इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीत धोक्याची घंटा वाजली. वापराचा वेग पाहता ‘ब’ वर्गाचे गठ्ठे मार्च १९९४ पर्यंत संपतील, असा अंदाज तेथे मांडला गेला. त्यानंतरची चार-पाच वर्षे या विषयाच्या इतिहासातील सर्वांत घडामोडींची आहेत. १९९३ मध्ये ‘अ-ब-क’ ही वर्गव्यवस्था मोडीत निघाली आणि गरजेनुसार लहान-मोठे तुकडे कापून देण्याची पद्धत आली. दीर्घ मुदतीचा उपाय म्हणून नवा प्रोटोकॉल घडवायचे ठरले. डिसेंबर १९९५ मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, तो १२८ बिटांचा आयपीव्ही६. आणि तोवर वेळ काढण्यासाठी एक तात्पुरता तोडगा निघाला.

तो तोडगा म्हणजे नॅट. मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हँग आणि पॉल फ्रान्सिस यांनी तो लिहून काढला. कल्पना साधी आहे. एखादा मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. आत वीस बिऱ्हाडे, पण टपालखात्याच्या दृष्टीने वाड्याला घरक्रमांक एकच. देवडीवर एक कारकून वही घेऊन बसलेला. बिऱ्हाडातून कोणी पत्र पाठवले की कारकून त्यावर वाड्याचा क्रमांक घालतो आणि कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला लिहिले ते वहीत टिपतो. उत्तर आले की वही पाहून योग्य दारात देतो. बाहेरच्या जगाला वीस बिऱ्हाडांचा पत्ताच नसतो आणि गरजही नसते. या वहीतल्या खुणेच्या आकड्याला पोर्ट म्हणतात आणि एका पत्त्यामागे ते ६५,५३६ असतात.

अडचण एवढीच की, ज्या पत्राला आतून कोणी आधी पत्र लिहिलेले नाही, असे बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणाला द्यायचे हे कारकुनाला कळत नाही. तो ते टाकून देतो. म्हणजे वाड्यातील माणूस हाक मारू शकतो, त्याला हाक मारता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे कारकुनाला आधीच सांगून ठेवणे : ‘अमुक खुणेचे काही आले तर तिसऱ्या बिऱ्हाडात दे.’ यालाच आपण पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतो. कारकून आपला, वाडा आपला. त्यामुळे सांगता येते.

वाड्याच्या आत वापरायचे पत्ते कोणते, तेही १९९४ च्या मार्चमध्ये ठरले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत ते तेव्हाचे. त्याच यादीत १० ने सुरू होणारा सबंध गठ्ठाही होता. हा १० कोठून आला? तो अर्पानेटचा स्वतःचा क्रमांक होता. अर्पानेट १९९० मध्ये बंद झाले, क्रमांक मोकळा पडला आणि तो खासगी वापरासाठी सर्वांना खुला झाला. आपल्या राउटरवर १० ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर आपण इंटरनेटच्या मूळ पुरुषाच्या ओसाड गढीत राहत आहात, असे समजायला हरकत नाही. मला स्वतःला या साऱ्या विषयात ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे.

सर्वांनाच हे पसंत होते असे नाही. जुलै १९९४ मध्येच काही अभियंत्यांनी या खासगी पत्त्यांविरुद्ध जाहीर टिपण काढले. शीर्षकातच त्याला घातक म्हटले होते. नॅटच्या कर्त्यांनीही आपला उपाय अल्पकालीन असल्याचे आणि त्यामुळे पत्त्याचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा अर्थ नाहीसा होत असल्याचे लिहून ठेवले होते. पण तोडगा चालला, आणि फार चांगला चालला. तोडगा चांगला चालला की मूळ दुरुस्ती लांबते, हे पेशव्यांच्या कर्जांपासून पालिकेच्या रस्त्यांपर्यंत आपण पाहत आलो आहोत.

आता भारताकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याआधी अर्नेटमार्फत ती काही शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरती होती. निगमच्या सेवेत विद्यार्थ्यांसाठी स्वस्त असे ‘शेल’ खाते असे. मोडेमने दूरध्वनी लावायचा, निगमच्या संगणकात शिरायचे आणि त्या संगणकावर बसून काळ्या पडद्यावर अक्षरे वाचायची. चित्रे नाहीत. यातला एक सूक्ष्म भाग आजच्या विषयाला फार महत्त्वाचा आहे : या विद्यार्थ्याच्या संगणकाला स्वतःचा आयपी पत्ताच नसे. पत्ता निगमच्या यंत्राला होता. विद्यार्थी त्याचा पाहुणा. अधिक पैसे मोजणाऱ्याला टीसीपी-आयपी खाते मिळे, त्याला दूरध्वनी चालू असेपर्यंत पत्ता मिळे आणि ठेवला की तो परत जाई. भारतातील घरगुती इंटरनेट असे बिनपत्त्यानेच सुरू झाले.

नोव्हेंबर १९९८ मध्ये निगमची मक्तेदारी संपली, खासगी सेवादाते आले, पुढे केबलवाले आले. दूरध्वनीच्या तारेवर जी ‘नाव आणि गुप्तशब्द’ विचारण्याची पद्धत होती, तीच फेब्रुवारी १९९९ च्या एका मसुद्याने इथरनेटवर बसवली गेली : पीपीपीओई. आज घरात फायबर आले तरी राउटरमध्ये ते नाव आणि गुप्तशब्द भरावे लागतात, ते या वारशामुळे. हा वारसा प्रत्येक पॅकेटमागे आठ बाइट घेतो. १५०० ऐवजी १४९२ उरतात. सेवादात्याच्या मार्गावर कोठे तरी ‘पॅकेट मोठे आहे, लहान करा’ हा निरोप अडवला जात असेल, तर काही संकेतस्थळे सुरळीत उघडतात आणि काही अर्ध्यावर थिजतात. अशा वेळी राउटरमधील ‘एमटीयू’ १४९२ किंवा त्याहून थोडा कमी करून पाहावा. हे विषयांतर झाले खरे, पण पुष्कळांची रात्र या आठ बाइटांपायी गेलेली आहे.

भारतात घरोघरी इंटरनेट पोहोचू लागले आणि नेमक्या त्याच सुमारास कोठार रिकामे झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय संस्थांना एकेक वाटले गेले. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला आलेला गठ्ठा होता १०३ क्रमांकाचा. भारत, चीन, इंडोनेशिया हे सारे याच विभागात. दहा आठवड्यांत, १५ एप्रिल २०११ रोजी, या विभागाचा नेहमीचा साठा संपला. पाच संस्थांपैकी सर्वांत आधी. उरलेला १०३ चा गठ्ठा शिधावाटपासारखा द्यायचे ठरले : एका सभासदाला त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ मध्ये हे प्रमाण ५१२ वर आले. तालुक्याच्या गावी नव्याने धंदा सुरू करणाऱ्या सेवादात्याचे पत्ते १०३ ने का सुरू होतात, याचे उत्तर येथे आहे. तो रेशनच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे.

रांगेत उभे राहायचे नसेल तर बाजार होता. मार्च २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतल्याची बातमी आली; म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. दहा वर्षांनी हाच भाव पन्नास डॉलरच्या आसपास गेला होता. महिन्याला पाचशे-सहाशे रुपये देणाऱ्या ग्राहकासाठी असा पत्ता विकत घेणे कोणत्याही लहान सेवादात्याला परवडणारे नव्हते.

मग त्याने काय केले? वेशीवर दुसरा कारकून बसवला.

प्रत्येक वाड्याच्या देवडीवर कारकून होताच. आता साऱ्या पेठेतील वाड्यांची पत्रे वेशीवरच्या मोठ्या कारकुनाकडे जाऊ लागली. तो त्यांवर गावाचा एकच क्रमांक घालतो. यालाच कॅरिअर ग्रेड नॅट, संक्षेपाने सीजीनॅट, म्हणतात. पेठेच्या आतील वाड्यांना कोणते क्रमांक द्यावेत हा प्रश्न आला, १९२.१६८ किंवा १० दिले तर वाड्यांच्या आतील क्रमांकांशी गोंधळ होण्याचा संभव. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा पट्टा खास यासाठी राखून ठेवला गेला. ज्या तोडग्याला अठरा वर्षांपूर्वी तात्पुरता म्हटले होते, त्याच्यावर दुसरा मजला चढवण्यासाठी ही अधिकृत जागा.

आणि आपली पोर्ट फॉरवर्डिंगची सारी खटपट येथे फुकट जाते. देवडीवरचा कारकून आपले ऐकतो. वेशीवरच्या कारकुनाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पत्र आपल्या देवडीपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या एका मित्राने गावच्या दुकानात कॅमेरे बसवून घेतले. बसवणाऱ्याने डीव्हीआर बदलून दिला, राउटर बदलून दिले, दोन्हींचे पैसे घेतले, तरी पुण्यातून चित्र दिसेना. वॅन आयपीचे पहिले दोन आकडे कोणी वाचले असते तर दोन्ही खर्च वाचले असते.

कॅमेऱ्याचे नुकसान पैशांचे. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे, कारण पत्ता ही केवळ तांत्रिक खूण राहिलेली नाही. २००७ च्या आरंभी विकिपीडियावर एका पत्त्यावरून होणारी मोडतोड थांबवण्यासाठी तो पत्ता अडवला गेला आणि काही तास कतार देशातील बहुसंख्य लोकांना खाते न उघडता तेथे लेखन करता येईना. देशाची बहुतेक ये-जा त्या एका पत्त्यातून होत होती. यंत्रणा वेगळी, पण तत्त्व तेच : एका पत्त्यामागे अनेक माणसे असली की एकाची शिक्षा सर्वांना. एखादे संकेतस्थळ आपल्याला वारंवार ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना?’ असे विचारते, तेव्हा आपल्या पत्त्यावर आणखी किती बिऱ्हाडे आहेत याची ती चुणूक असते.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. पुरावा म्हणजे एक आयपी पत्ता, आणि त्या वेळी तो पत्ता कोणाकडे होता याविषयी सेवादात्याने दिलेली माहिती. ती माहिती चुकीची होती. त्या तरुणाने पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढले.

त्या काळी एका वेळी एका पत्त्यामागे बहुधा एकच ग्राहक असे; प्रश्न एवढाच होता की, अमुक वेळी तो कोण. सीजीनॅटच्या काळात एकाच क्षणी एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असू शकतात. त्यांतील नेमका कोण, हे सांगायचे तर पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ, तिन्ही लागतात. सेवादात्याची वहीही बिनचूक हवी. संकेतस्थळांनी आपल्या नोंदीत पोर्टही टिपावा, अशी शिफारस जून २०११ मध्ये झाली, पण ती सर्वत्र पाळली जात नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संघटनेने सीजीनॅटविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, ती गुन्हेगार सापडत नाही म्हणून. माझी चिंता उलट बाजूची आहे. वही चुकली तर कोणाच्या दारावर थाप पडेल?

आयपीव्ही६ चे काय झाले, असे कोणी विचारील. पत्त्यांचा त्यात काही तुटवडाच नाही. एका घराला सहज जो तुकडा मिळतो त्यात मावणारे पत्ते साऱ्या आयपीव्ही४ च्या कित्येक कोटी पट असतात. आणि गंमत अशी की, भारत याबाबतीत मागे नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली ती प्रारंभापासून आयपीव्ही६ वर आधारलेली, कारण इतक्या ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्ते मिळणेच शक्य नव्हते. आज भारतातील निम्म्याहून अधिक वापर आयपीव्ही६ वर होतो. अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आपण आहोत. इनाम न मिळालेल्याने नवी जमीन लागवडीस आणली, असे म्हणता येईल.

परंतु मोबाइलवर जे झाले ते प्रत्येक घरगुती जोडणीवर झालेले नाही. कित्येक स्थानिक सेवादाते आयपीव्ही६ देतच नाहीत. काही देतात ते अर्धवट : राउटरला पत्ता मिळतो, पण पुढची वाट नीट जोडलेली नसते. मग ब्राउझर आधी त्या वाटेने जाऊन पाहतो, ठेच खातो आणि जुन्या वाटेला लागतो. २०१२ नंतरचे ब्राउझर दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वेळी आजमावतात, त्यामुळे ही ठेच ग्राहकाला फारशी जाणवत नाही. पण काही अ‍ॅप आणि जुनी उपकरणे अजून अडखळतात. ‘आज नेट जड चाललंय’ या वाक्यामागे कधी कधी हे असते.

आता तपासणीकडे. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी आणि बाहेरच्या संकेतस्थळाने सांगितलेला पत्ता जुळत असेल, तर वेशीवर कारकून नाही. दोष आपल्या मांडणीत शोधावा. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर सीजीनॅट निश्चित. १९२.१६८ असेल, तर बहुधा सेवादात्याची फायबरपेटी आणि आपले राउटर असे दोन कारकून घरातच बसले आहेत. पेटी ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून घ्यावी. १० असेल तर दोन्ही शक्यता आहेत. फायबरपेटी स्वतः नॅट करत नसेल, तर वेशीकडे बोट दाखवावे.

सीजीनॅट निघाला तर ग्राहकसेवेला ‘नेट चालत नाही’ असे सांगू नये. ते चालतच असते. ‘माझी जोडणी सीजीनॅटमागे आहे, मला पब्लिक आयपी हवा’ या शब्दांत मागणी करावी. काही जण तो वेगळे पैसे घेऊन देतात, काहींकडे तो नसतोच. नसेल तर आयपीव्ही६ मागावा; मिळाला तर राउटरच्या संरक्षकभिंतीत हवी तेवढीच खिडकी उघडावी, कारण तेथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा खरा पत्ता असतो. तेही नसेल तर आतून बाहेर जाणारा बोगदा, म्हणजे व्हीपीएनसारखी किंवा कॅमेरा कंपनीच्या मध्यस्थ सेवेसारखी व्यवस्था. कारकून आतून गेलेल्या पत्राचे उत्तर आत घेतोच. ही युक्ती त्याच नियमावर चालते. फक्त आपले चित्र तिसऱ्याच्या घरातून जाते, हे ध्यानात असू द्यावे.

सेवादात्याला मी किती दोष देतो? पत्त्यांचा दुष्काळ त्याने आणलेला नाही. तो पडला तेव्हा वाटप होऊन गेले होते. पण ग्राहकाला किती एमबीपीएस आणि कोणते ओटीटी मोफत हे ठळक अक्षरांत सांगणारे पत्रक, जोडणीला स्वतःचा पत्ता आहे की नाही हे एका ओळीतही सांगत नसेल, तर तो दोष १९८१ वर ढकलता येणार नाही.

आपल्या राउटरवर काय निघाले ते खाली लिहा. पूर्ण पत्ता देऊ नका. पहिले दोन आकडे आणि जिल्हा एवढे पुरे. १०३, १००.६४ आणि १० यांची जिल्हावार यादी करून पुढच्या थ्रेडमध्ये मांडतो.